अंगठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

मिलान शहरात २२ जून २०२५ रोजी प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या नव्या कपड्यांचा शो केला. त्यात काही मॉडेलांच्या पायांत चामड्याच्या सपाट चपला होत्या. कंपनीने त्यांना नुसतं ‘लेदर सँडल’ म्हटलं होतं. कुठल्या मुलखातल्या, कुणाच्या हातच्या, याचा उल्लेख नव्हता. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला मात्र त्या ओळखायला क्षणही लागला नाही. अंगठा तोच, पट्टा तोच, तळव्याची ठेवण तीच. फोटो एका मोबाइलवरून दुसऱ्यावर गेले, लोक चिडले, लिहू लागले, आणि थोड्याच दिवसांत प्राडाने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र पाठवून कबूल केलं, की या चपलांमागची प्रेरणा भारतातल्या शेकडो वर्षांच्या हस्तकलेची आहे.

वादाची ही बाजू बहुतेकांना ठाऊक आहे. मला त्याहून नवलाची वाटते ती पुढची गोष्ट. त्याच दिवसांत कोल्हापुरी चपला विकणाऱ्या भारतातल्या छोट्या छोट्या वेबसाइटवरची विक्री एकदम वाढल्याची बातमी रॉयटर्सने दिली. या दुकानदारांनी मिलानमध्ये जाहिरात केली नव्हती, कुणाला पैसे दिले नव्हते. पोस्ट वाचता वाचता कुणाच्या तरी मनात आलं, ‘आपणच एक खरी कोल्हापुरी घ्यावी की!’ आणि दोन-तीनदा पडद्याला अंगठा लावला तोवर तो माणूस एका चप्पलवाल्याच्या वेबसाइटवर पोचलासुद्धा.

सोशल मीडियावरचं गिऱ्हाईक आपल्या वेबसाइटवर कसं आणायचं, यावर सल्ल्यांचा सुकाळ आहे. पोस्ट सकाळी टाकावी की रात्री, हॅशटॅग किती लावावेत, रील किती सेकंदांची करावी. या सगळ्यात एक गोष्ट कुणी सांगतच नाही. अंगठा पडद्याला टेकल्यापासून माणूस दुकानाच्या उंबरठ्यावर येईपर्यंत मध्ये जे घडतं, ते थक्क करणारं आहे. ते नीट पाहिलं की आपण काय करायचं हे निम्मं तरी आपोआप समजतं. म्हणून त्या अंगठ्याच्या मागोमाग जाऊ या.

आधी पडद्यावर काय येतं ते बघू. फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यूज फीड’ सुरू केली आणि ओळखीच्यांच्या हालचाली एकाखाली एक दिसू लागल्या. आज कुणाला काय दाखवायचं हे गणित ठरवतं, आणि ते गणित प्रत्येक माणसासाठी, त्याने अ‍ॅप उघडलं की नव्याने मांडलं जातं. शेजारी बसलेल्या नवरा-बायकोच्या फोनवर एकाच वेळी वेगळं जग उलगडत असतं ते यामुळेच. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये या गणितातल्या तीन मोठ्या गोष्टी सांगितल्या. व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला, किती जणांनी लाइक केला आणि किती जणांनी तो दुसऱ्या कुणाला पाठवला. तुम्हाला फॉलो न करणाऱ्या, म्हणजे पूर्णपणे अनोळखी लोकांपर्यंत पोचण्यात लाइकपेक्षा पाठवण्याला जास्त वजन असतं, असंही त्यांनी सांगितलं.

जरा थांबून याचा अर्थ लक्षात घ्या. जगातली सर्वांत ताकदवान यंत्रं रात्रंदिवस राबून जे मोजतात ते शेवटी काय आहे? ‘अगं, हे बघ’ म्हणून मावशीने भाचीला दाखवणं. वाड्यात, चाळीत, आठवडी बाजारात धंदा याच शब्दावर वाढत आला. यंत्राने नवं काही शोधलं नाही. जुन्यालाच त्याने आकड्यांत पकडलं.

मग माणसं एकमेकांना काय पाठवतात? ‘भव्य सवलत, आजच भेट द्या’ असं लिहिलेलं चित्र मावशी भाचीला पाठवत नाही. पण कोल्हापुरी बनताना बघा. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावलेलं कातडं पाटावर पसरलेलं असतं. त्याचा रंग कडक चहासारखा. कारागीर रापीने एका दमात तळव्याचा आकार कापतो, हात उचलत नाही. मग आरीने भोक पाडून त्यातून चामड्याचीच वादी ओवतो. खिळा कुठेच नाही. कातड्याला कातड्यानेच शिवलेलं. शेवटी पट्ट्यावर वेणी चढते तेव्हा बोटं इतक्या वेगाने चालतात की व्हिडिओ पुन्हा मागे नेऊन बघावासा वाटतो. ही रील माणूस शेवटपर्यंत बघतो, ‘तुला हवी होती ना अशी?’ असं लिहून बहिणीला पाठवतो, आणि मोसेरींनी सांगितलेल्या गोष्टी न मागता पुऱ्या होतात. माझं ठाम मत आहे की हाताने काही बनवणाऱ्या माणसाला जाहिरातीचं भांडवल कारखानदारापेक्षा कितीतरी जास्त असतं. त्याचं कामच बघण्याजोगं असतं. ते तो रोज करतो म्हणून त्याला त्याचं अप्रूप वाटत नाही, इतकंच.

रील आवडली. आता वेबसाइटवर जायचं. इथे पहिली अडचण येते, आणि ती कंपन्यांनी मुद्दाम घातलेली आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र साऱ्या जगाला फुकट देऊन टाकलं. त्या कल्पनेचा प्राण म्हणजे लिंक. कुठल्याही पानावरून कुठल्याही पानाकडे बोट दाखवता येतं आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. किती उदार गोष्ट आहे ही! इन्स्टाग्राम मात्र ऑक्टोबर २०१० मध्ये जन्मलं ते वेगळ्या स्वभावाचं. फोटोखालच्या मजकुरात पत्ता लिहिला तरी तो दाबता येत नाही. वर्षानुवर्षं प्रोफाइलमधल्या ‘बायो’त एकच लिंक देता यायची. त्या एका लिंकच्या मागे अनेक लिंका मांडून देणारी लिंकट्री ही कंपनी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली आणि तेवढ्या एका उणिवेवर जगभर पसरली. २०२१ मध्ये स्टोरीवर लिंकचं स्टिकर लावण्याची मुभा सगळ्यांना मिळाली, तर बायोत पाच लिंका देण्याची सोय व्हायला एप्रिल २०२३ उजाडलं.

कारण उघड आहे. तुम्ही पडद्यावर जितका वेळ रेंगाळाल तितक्या जाहिराती दिसतील. लिंक दाबून बाहेर पडणारा माणूस म्हणजे त्यांच्या हिशेबी तोटा. इलॉन मस्क यांनी २०२३ मध्ये एक्सबद्दल हे उघडपणे सांगितलं, की लोक बाहेर गेले की इथे कमी वेळ घालवतात, म्हणून लिंक असलेल्या पोस्टकडे कमी लक्ष जातं. तरीही याला एक फार सुंदर अपवाद आहे. भडक मथळे देऊन लोकांना फसवणाऱ्या लिंका फार झाल्या तेव्हा ऑगस्ट २०१४ मध्ये फेसबुकने जाहीर केलं, की लिंक दाबून गेलेला माणूस बाहेर किती वेळ थांबतो हेही आम्ही बघणार. लगेच परत आला तर पान फसवं असण्याची शक्यता जास्त. बराच वेळ रमला तर त्याला हवं ते मिळालं. म्हणजे तुमच्या वेबसाइटवर, फेसबुकच्या हद्दीबाहेर, माणूस किती रमतो याचा परिणाम फेसबुकच्या आत तुमची पोस्ट किती जणांना दिसते यावर होऊ शकतो. मला हे कळलं तेव्हा त्या चप्पलवाल्याचं पान वेगळ्याच नजरेने बघावंसं वाटलं. रीलमध्ये काळी कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, दाखवली आणि लिंक दाबल्यावर सगळ्या मालाची जंत्री समोर आली, तर माणूस फिरलाच. ज्या चपलेवर जीव जडला ती चप्पलच समोर यायला हवी. लिंक दुकानाच्या दाराची न देता त्या वस्तूच्या पानाची द्यावी, हा या साऱ्यातला सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा नियम आहे.

आता व्हॉट्सअ‍ॅपकडे वळू, कारण आपल्याकडे खरी खरेदी तिथल्या गप्पांतून होते. समजा भाचीने त्या पानाचा पत्ता उचलून मैत्रिणींच्या ग्रुपवर चिकटवला. अजून ‘पाठवा’चं बटण दाबलेलंही नाही, तोच वर एक छोटं कार्ड उमटतं. चपलेचा फोटो, नाव, खाली दोन ओळी. तो फोटो भाचीने टाकलेला नाही. मग आला कुठून?

तो आणला तिच्या फोनने. पत्ता चिकटवल्याबरोबर फोन स्वतः त्या वेबसाइटवर जाऊन आला. संपूर्ण पान त्याने बघितलं नाही. पानाच्या मजकुराआधी एक भाग असतो, जो येणाऱ्याला कधीच दिसत नाही. तिथल्या काही ओळी खास या कामासाठी लिहिलेल्या असतात. त्यातली एक सांगते की या पानाचं नाव काय, दुसरी सांगते थोडक्यात वर्णन, तिसरी सांगते की फोटो कुठला दाखवायचा. या पद्धतीचं नाव ओपन ग्राफ. फेसबुकने ती एप्रिल २०१० मध्ये मांडली आणि हळूहळू इतरांनीही उचलली. व्हॉट्सअ‍ॅपवर हे काम पाठवणाऱ्याचाच फोन करतो, कारण तिथले संदेश वाटेत कुलूपबंद असतात आणि आत कुठली लिंक आहे हे कंपनीच्या सर्व्हरला वाचता येत नाही. फेसबुकवर मात्र कंपनीचा स्वतःचा दूत जातो, ते पान बघतो आणि त्याची नोंद जपून ठेवतो. एकदा नोंद झाली की पुढच्या हजार माणसांना तेच कार्ड दिसतं. म्हणून कधी कधी दुकानदार पानावरचा फोटो बदलतो आणि फेसबुक जुनाच दाखवत राहतं. त्यासाठी ‘शेअरिंग डिबगर’ नावाचं साधन आहे. तिथे पत्ता टाकून ‘पुन्हा जाऊन बघ’ असं त्या दूताला सांगता येतं.

त्या तीन अदृश्य ओळी नसतील तर? कार्डाच्या जागी नुसता लांबलचक पत्ता दिसतो किंवा चुकीचा फोटो येतो, बहुधा दुकानाचं बोधचिन्ह, तेही अर्धं कापलेलं. घरोघरच्या ग्रुपवर अनोळखी लिंक दाबायला लोक आता बिचकतात, आणि बिचकावंच. फसवणूक करणारेही लिंकाच पाठवतात. त्या क्षणी विश्वास ठेवावा की नाही हे ते बोटभर कार्ड ठरवतं. फेसबुक त्या फोटोसाठी १२०० बाय ६३० पिक्सेल मापाची शिफारस करतं, म्हणजे रुंदी उंचीच्या जवळजवळ दुप्पट. चपलेचा उभा फोटो त्यात बसवला की एक तर अंगठा कापला जातो नाही तर टाच. आडवा, एकाच जोडाचा, साध्या पार्श्वभूमीवरचा फोटो काढून त्या ओळीत दिला की ते कार्ड दुकानाची पाटी होतं. मला वाटतं, वेबसाइट बनवून देणाऱ्याला पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक दुकानदाराने हे कार्ड स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

पत्त्याच्या बाबतीत मराठी माणसाला भेडसावणारी आणखी एक गंमत आहे. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवता येतो. ब्राउझरमध्ये तो छान ‘कोल्हापुरी’ असा दिसतो. पण तोच उचलून दुसरीकडे चिकटवला की अनेकदा टक्क्याच्या चिन्हांची आणि इंग्रजी अक्षरांची एक भली मोठी माळ पडते. आपला एकटा ‘क’ संगणकाच्या भाषेत तीन तुकड्यांचा होतो आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक तुकड्याला तीन चिन्हं लागतात. टक्का, ई, शून्य; टक्का, ए, चार; टक्का, नऊ, पाच. झाला एक ‘क’. ‘कोल्हापुरी’ या शब्दात काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूण धरून दहा घटक आहेत. म्हणजे त्या एका शब्दाची ९० चिन्हं! बघणाऱ्याला वाटतं काहीतरी विषाणूबिषाणू आला. ऑगस्ट २०१४ पासून वेबसाइटचं मूळ नावसुद्धा ‘.भारत’ असं देवनागरीत घेता येतं आणि त्या सोयीत मराठीही आहे. आपल्या लिपीत पाटी असावी असं मलाही मनापासून वाटतं. तरी आज फिरवायच्या लिंकेत शेवटचा भाग रोमन अक्षरांत आणि छोटा ठेवणं शहाणपणाचं आहे. मराठी कार्डावर दिसू द्या, पानावर भरभरून असू द्या. तिथे ती जशीच्या तशी दिसते आणि गूगलला सापडतेही.

आता खरा क्षण. मैत्रिणीने कार्डावर अंगठा टेकवला.

तिचा फोन पहिल्यांदा विचारतो, हे नाव कुठल्या आकड्याचं? इंटरनेटवर यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावं आपल्या सोयीसाठी. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचली आणि आजही जगातली प्रत्येक वेबसाइट तिच्यावर उभी आहे. आकडा मिळाला की फोन त्या सर्व्हरला साद घालतो, तिकडून होकार येतो. मग दोघे मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात, म्हणजे मध्ये कुणाला काही वाचता येऊ नये. त्यानंतर कुठे फोन म्हणतो, ‘ते काळ्या कापशीचं पान दे.’ एवढ्या गाठीभेटी झाल्या तरी पडद्यावर अजून एक अक्षरही आलेलं नाही.

या प्रत्येक सवाल-जवाबाला वेळ लागतो आणि त्याची मर्यादा निसर्गानेच घातलेली आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत असेल तर कोल्हापुराहून तिथवर पोचायला त्याला दोन-तीन हजारांश सेकंद पुरतात. पण स्वस्त मिळाली म्हणून वेबसाइट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरवर ठेवली असेल, तर अंतर जवळपास १३,००० किलोमीटर. मग मैत्रिणीचा होकार-नकार वर्सोव्याच्या किनाऱ्यासारख्या ठिकाणाहून समुद्रतळाच्या केबलमध्ये शिरतो, अरबी समुद्र ओलांडतो, पुढे अटलांटिकच्या तळाशी उतरतो आणि पुन्हा त्याच वाटेने परत येतो. सरळ रेषेत धरलं तरी एका फेरीला १३० हजारांश सेकंद, प्रत्यक्षात त्याहून जास्त. अशा चार फेऱ्या झाल्या की अर्ध्या सेकंदाच्या वर वेळ नुसत्या नमस्कार-चमत्कारात गेला. मग फोटो उतरणार, अक्षरं उतरणार, त्यात एसटीत बसलेल्या माणसाचं नेटवर्क येतं-जातं.

विचार करा, एका चपलेचा फोटो बघायला माणसाने समुद्राच्या तळातून चारदा प्रकाश धाडला आणि तरी त्याला वाटलं, ‘किती वेळ लावतंय!’ गूगलने २०१६ मध्ये मोबाइलवरच्या वेबसाइटचा अभ्यास प्रसिद्ध केला. पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर ५३ टक्के भेटी तिथेच सोडून दिल्या जातात, असं त्यात आढळलं. रीलवर हजारो जण आले आणि वेबसाइटवर शंभरच पोचले, तर दोष नेहमी रीलचा नसतो. कॅमेऱ्यातून काढलेला पाच-सहा एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवलेला असतो, आणि निम्मी माणसं त्याची वाट बघून निघून गेलेली असतात. फोटो लहान करून चढवणं आणि वेबसाइटच्या प्रती जगभर ठिकठिकाणी, मुंबईतही, ठेवणारी सीडीएन ही सेवा घेणं, या दोन गोष्टींनी बरंच अंतर कापलं जातं. अशी सेवा देणारी अकामाई ही कंपनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या टॉम लेटन आणि डॅनी लुइन यांनी काढली, आणि या क्षेत्रातल्या पहिल्या कंपन्यांत तिची गणना होते. इंटरनेटवरची गर्दी कशी पांगवायची, हा त्यांना पडलेला गणिताचा प्रश्न होता. आज तेच गणित कुणाच्या तरी हापूसचं, कुणाच्या पैठणीचं पान पुण्यातल्या आणि लंडनमधल्या मराठी माणसाला सारख्याच वेगाने उघडून देतं.

माणूस आला. पण कुठून आला हे दुकानदाराला कसं कळावं? लिंकच्या शेवटी एक शेपटी जोडता येते. तिला यूटीएम म्हणतात. त्यातला ‘यू’ म्हणजे अर्चिन, सॅन दिएगोमधली एक छोटी कंपनी. गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी तिच्या पायावर गूगल अ‍ॅनालिटिक्स उभं राहिलं. आज अर्चिन कुणाच्या लक्षात नाही, पण तिच्या नावाचं आद्याक्षर जगभरच्या लिंकांत रोज फिरतंय. शेपटीत आपण हवं ते लिहू शकतो, इन्स्टाग्राम, स्टोरी, गणपतीची रील. माणूस आला की ती चिठ्ठी सोबत येते. कोल्हापुरातल्या दुकानदाराला कळतं, की स्टोरीतून आलेल्यांनी बघितलं फार आणि घेतलं कमी. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून मोजकेच आले, पण बहुतेकांनी घेतलं. असं दिसलं की पुढची मेहनत कुठे घालायची ते ठरतं.

शेपटी नसेल तर काय? ब्राउझर सहसा मागचं पान कुठलं होतं हे पुढच्याला सांगतो, पण व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपमधून दाबलेल्या लिंकेला मागचं पानच नसतं. असे पाहुणे हिशेबात ‘डायरेक्ट’ म्हणून पडतात, जणू पत्ता पाठ करून स्वतःच आले. अमेरिकन पत्रकार अलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ मध्ये या न दिसणाऱ्या देवाणघेवाणीला ‘डार्क सोशल’ असं नाव दिलं. आपल्याकडचे भिशीचे, सोसायटीचे, माहेरच्या भावंडांचे ग्रुप सगळे या अंधारात येतात. विश्वासाने दिलेला शब्द तिथेच सर्वांत जास्त फिरतो आणि तोच मोजता येत नाही. म्हणून वेबसाइटवरच्या ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ या बटणामागच्या लिंकेला शेपटी जोडून ठेवावी. अंधारातला निदान एक कोपरा तरी उजळतो.

आणि कधी वादळच येतं. अमेरिकेत ६ मार्च २०१२ रोजी डॉलर शेव्ह क्लब या दाढीची पाती घरपोच पाठवणाऱ्या नव्या कंपनीने सुमारे ४,५०० डॉलरमध्ये बनवलेला एक व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. लोक इतके तुटून पडले की वेबसाइट कोलमडली. सावरल्यावर दोन दिवसांत १२,००० ऑर्डरी आल्या आणि पुढे २०१६ मध्ये युनिलिव्हरने ती कंपनी विकत घेतली. कोल्हापुरीचं वादळ तर दुकानदारांनी बोलावलेलंही नव्हतं. ज्याची वेबसाइट आधीपासून उभी होती, जिच्यावर मापं, किंमत, कारागिराची माहिती आणि जीआयची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, नोंद नीट लिहिलेली होती, त्याच्या दारी पाहुणे आले. ज्याचं फक्त सोशल मीडियावर खातं होतं त्याला ‘प्राइस प्लीज’च्या शेकडो कॉमेंटना एकेक करून उत्तर देत बसावं लागणार.

स्वतःची वेबसाइट कशासाठी, असं अजूनही पुष्कळ जण विचारतात. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. भारतात तेव्हा टिकटॉकचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. गावोगावच्या कितीतरी मुलामुलींनी तिथे लाखोंचे चाहते जमवले होते, आणि पाहता पाहता ते सगळं हातचं गेलं. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. वेबसाइटचं नाव मात्र दरवर्षी थोडी फी भरली की आपल्याच नावावर राहतं, आणि रस्ते कितीही बदलले तरी ते सगळे तिथे आणून सोडता येतात.

रस्ते तर अचाट बदलतायत. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाने, म्हणजे लिडकॉमने, २०२५ मध्ये कोल्हापुरीसाठी क्यूआर कोडची सोय आणली. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला शोधलेली ही काळी-पांढरी चौकट आता चपलेवर आली. ती स्कॅन केली की चप्पल कुठल्या कारागिराने किंवा बचत गटाने, कुठल्या जिल्ह्यात, कशापासून बनवली हे उघडतं. म्हणजे चप्पल स्वतःच लिंक झाली. ती घालून न्यू जर्सीत कुणी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं आणि कुणी विचारलं ‘कुठून घेतलीस?’ तर फोन पुढे केला की झालं.

हे वाचणाऱ्यांत दुकानदार थोडे आणि गिऱ्हाइकं जास्त असतील, म्हणून एक विनंती तुम्हालाच करतो. गोधडी शिवणारी बाई असो, हापूसची पेटी घरपोच देणारा देवगडचा बागायतदार असो की चप्पल बनवणारा कारागीर, त्याचं काम आवडलं तर नुसता लाइक देऊन पुढे जाऊ नका. त्याच्या वेबसाइटवर जा, आवडलेल्या वस्तूच्या पानाची लिंक उचला आणि ती ज्याला खरोखर हवी आहे अशा एका माणसाला दोन शब्द लिहून पाठवा.